अफवा, ओळख आणि शांतता : भिवंडीतील मोहल्ला समित्यांचा भाषिक विचार

१. प्रास्ताविक

सामुदायिक हिंसेचा अभ्यास हा समाजशास्त्र, राज्यशास्त्र आणि विधिशास्त्र ह्यांचा विषय मानला जातो. भाषेच्या अभ्यासकाचा तेथे काही संबंध असेल, असे सहसा कोणास वाटत नाही. परंतु दंगलीचा कोणताही चौकशी अहवाल उघडून पाहिला, तर त्यात शस्त्रांच्या बरोबरीने शब्दांचाच उल्लेख आढळतो : घोषणा, फलक, भाषणे, पत्रके, आणि ह्या सर्वांपेक्षा अधिक म्हणजे अफवा. दगड हाती येण्यापूर्वी एक वाक्य कानी आलेले असते. ते वाक्य कोठून आले, ते कोणी तपासून पाहिले, आणि तपासून पाहण्याची सोय त्या वस्तीत होती किंवा नाही, हे प्रश्न भाषाव्यवहाराचे आहेत.

प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील एका पोलीस अधिकाऱ्याच्या कार्याचा ह्या दृष्टीने विचार करावयाचा आहे. श्री. सुरेश खोपडे हे १९८८ साली ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीतील भिवंडी येथे पोलीस उपायुक्त म्हणून रुजू झाले व तेथे त्यांनी मोहल्ला समित्यांचा प्रयोग केला. १९९२ च्या डिसेंबरात आणि १९९३ च्या जानेवारीत मुंबई पेटली असता भिवंडी शांत राहिली, ही घटना ह्या प्रयोगास देशभर प्रसिद्धी देऊन गेली. त्या शांततेची राजकीय व प्रशासकीय मीमांसा पुष्कळ झाली आहे. ह्या समित्यांनी पोलीस आणि नागरिक ह्यांच्यामधील बोलण्याची रीत बदलली आणि त्या बदलातच त्यांचे सामर्थ्य होते, एवढेच येथे दाखवावयाचे आहे.

२. भिवंडीची पूर्वपीठिका

भिवंडी हे यंत्रमागाचे गाव. आपल्या जिल्ह्यातील इचलकरंजीशी त्याचे ह्या बाबतीत साम्य आहे. आणि आजरा महाल एके काळी इचलकरंजी जहागिरीचाच भाग असल्यामुळे यंत्रमागाच्या गावाचे गणित येथील वाचकास समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. मालक एका समाजाचा, कामगार दुसऱ्या समाजाचा, सूत आणणारा तिसरा व कापड उचलणारा चौथा, अशी तेथे कामाची वाटणी असते. भिवंडीत कोकणी मुसलमान, आगरी, मराठी बोलणारे इतर समाज, उत्तर प्रदेशातून आलेले विणकर व तेलुगुभाषी पद्मशाली अशी वस्ती आहे. मराठी, उर्दू, हिंदी, भोजपुरी व तेलुगू ह्या भाषा तेथे रोज एकमेकींवर आदळतात.

७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या निमित्ताने ह्या गावात भीषण दंगल झाली. तिची आणि जळगाव व महाड येथील घटनांची चौकशी न्यायमूर्ती द. प. मादन ह्यांच्या आयोगाने केली. ह्या आयोगाने तपास करणाऱ्या पोलीस पथकाच्या पक्षपातावरही कठोर टीका केली, हे विशेष. १९८४ च्या मे महिन्यात भिवंडी पुन्हा पेटली व तो वणवा ठाणे आणि मुंबई येथपर्यंत गेला. ‘भिवंडी’ हे नाव त्यानंतर एका गावाचे विशेषनाम न राहता दंगलीचे जवळजवळ सामान्यनाम होऊन बसले.

अशा गावी शांतता राखण्याची रूढ साधने दोन होती. एक बंदोबस्त व दुसरे शांतता समिती. सणावाराच्या तोंडावर गावातील प्रतिष्ठितांना ठाण्यात बोलवावे, चहा द्यावा, सहकार्याचे आवाहन करावे आणि सण पार पडला की समिती विसरून जावे, अशी ह्या दुसऱ्या साधनाची सर्वसाधारण पद्धत. तीत बोलणारा एक व ऐकणारे अनेक असत. शिवाय जे प्रतिष्ठित ऐकत त्यांचा गल्लीबोळाशी रोजचा संबंध असेलच, असे नव्हे.

३. समित्यांची रचना

श्री. खोपडे ह्यांनी गावाचे मोहल्ल्यांत विभाग पाडले आणि प्रत्येक विभागाची स्वतंत्र समिती केली. अशा समित्या सत्तरच्या आसपास होत्या. त्यांच्या रचनेत तीन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली ही की, समितीत हिंदू व मुसलमान सभासद सारख्या प्रमाणात घेतले जात. दुसरी ही की, पुढारी व प्रतिष्ठित ह्यांच्याऐवजी दुकानदार, कामगार, शिक्षक अशा सामान्य रहिवाशांवर भर असे. तिसरी ही की, प्रत्येक समितीशी ठाण्यातील एक अधिकारी वा कर्मचारी जोडलेला असे, आणि बैठक संकटाची वाट न पाहता नियमाने भरे.

ह्या बैठकीत धर्मैक्यावर व्याख्याने होत नसत. विषय असत ते नळावरच्या भांडणाचे, गटाराचे, भाडेकरूचे, मुलांच्या मारामारीचे. पोलिसांच्या परिभाषेत ज्यांस अदखलपात्र म्हणतात अशीच ही प्रकरणे. ह्या एका शब्दापाशी थोडे थांबणे इष्ट आहे.

४. ठाण्याची भाषा

मराठीतील पोलिसी शब्दसंग्रह हा मोठ्या अंशी फार्सी-अरबीतून आलेला आहे. ‘फिर्याद’ हा मुळात फार्सी शब्द असून त्याचा अर्थ आर्त हाक. ‘जबाब’ म्हणजे उत्तर. ‘बंदोबस्त’ ह्या शब्दात बांधण्याची क्रिया दोनदा आली आहे. ‘पंचनामा’ ह्यात गावच्या पंचांची स्मृती शिल्लक आहे. ह्या शब्दांकडे एकत्र पाहिले म्हणजे एक गोष्ट दिसते : नागरिकाने हाक मारावी, प्रश्नास उत्तर द्यावे आणि बांधून घ्यावे, एवढीच भूमिका ही परिभाषा त्याला देते. नागरिकाने प्रश्न विचारावा, ह्यासाठी तीत शब्द नाही.

जबाबाचा मायना पाहावा. ‘समक्ष विचारल्यावरून जबाब देतो की’ अशी त्याची सुरुवात असते. म्हणजे विचारणारा प्रथम येतो, सांगणारा त्यामागून. पुढे सारा मजकूर प्रथमपुरुषी असतो, परंतु शब्द लिहिणाऱ्याचे असतात. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ ह्याने मराठी ही राज्याच्या कारभाराची भाषा ठरविली, ही गोष्ट योग्यच झाली. तथापि भिवंडीसारख्या गावी भोजपुरीत रडलेली फिर्याद हिंदीत समजून घेऊन मराठीत लिहिली जाते, तेव्हा सांगणाऱ्याचा ‘मी’ आणि कागदावरचा ‘मी’ ह्यांत अंतर पडणे अपरिहार्य असते.

‘अदखलपात्र’ हा शब्द ह्याहून अधिक बोलका आहे. कायद्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ इतकाच की, दंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून पोलिसांस त्या गुन्ह्याचा तपास करता येत नाही. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १५५ मध्ये ही तरतूद होती, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती कलम १७४ मध्ये आहे. परंतु सामान्य माणूस समासाचा विग्रह शब्दशः करतो. ‘दखल घेण्यास पात्र नसलेले’ असा अर्थ त्याला लागतो, आणि ठाण्याच्या पायरीवरून परत जाताना आपले दुखणे दखल घेण्याच्या लायकीचे नाही, असे तो समजतो. दोन घरांतील असे दुखणे साचत गेले आणि ती दोन घरे दोन धर्मांची असली, तर नळाचे भांडण कोणत्या दिवशी धर्माचे होईल, हे सांगता येत नाही.

मोहल्ला समितीने नेमकी ही अदखलपात्र भांडणे दखलपात्र केली. कायद्याच्या अर्थाने नव्हे, माणुसकीच्या अर्थाने. दोन्ही समाजांचे शेजारी एकत्र बसून ती ऐकत, पोलीस कर्मचारी उपस्थित असे, व बहुधा तोडगा तेथेच निघे. त्यामुळे भांडण मिटे हा एक लाभ. पण त्याहून मोठा लाभ हा की, परस्परांशी बोलण्याची सवय लागे.

५. अफवेचे व्याकरण

ह्या सवयीचे मोल अफवेच्या वेळी कळते. त्यासाठी अफवेचे व्याकरण थोडे पाहिले पाहिजे.

ऐकीव माहिती सांगण्यासाठी मराठीत ‘म्हणे’ हा एक सुंदर शब्द आहे. ‘तो परवा गावी गेला’ आणि ‘तो परवा गावी गेला म्हणे’ ह्या दोन वाक्यांतील घटना एकच आहे. परंतु दुसऱ्या वाक्यात बोलणारा स्वतःकडे जबाबदारी घेत नाही. ‘म्हणे’ हे रूप मूळचे क्रियापदाचे. परंतु ह्या उपयोगात त्याचा कर्ता गळून गेलेला आहे. कोण म्हणे, हे सांगण्याचे बंधन राहिलेले नाही. अनेक भाषांत ऐकीवपणा दाखविण्यासाठी अशी चिन्हे असतात. तुर्की भाषेत तर हा भेद क्रियापदाच्या प्रत्ययातच दाखविला जातो. हिंदी-उर्दूत ‘सुना है’, ‘कहते हैं’ ही रूपे तेच काम करतात, व त्यांतही सांगणारा अज्ञातच राहतो.

अफवेचा प्रवास साधारणतः तीन पायऱ्यांनी होतो, असे मांडता येईल. पहिल्या पायरीवर साक्षीदार असतो : ‘अमक्याने पाहिले.’ दुसऱ्या पायरीवर साक्षीदार गळतो व ‘म्हणे’ उरते. तिसऱ्या पायरीवर ‘म्हणे’ही गळते आणि उघडे विधान शिल्लक राहते : ‘आपल्या माणसाला मारले.’ वाक्य जसजसे लहान होते तसतसे ते अधिक खात्रीचे वाटू लागते. पुरावा कमी होत जातो आणि विश्वास वाढत जातो, हा अफवेच्या भाषेतील विपर्यास आहे.

ही गळती थांबविण्याचा उपाय सोपा आहे, तो म्हणजे कर्ता परत मागणे. ‘कोण म्हणाले? कोणी पाहिले? कोठे?’ हे तीन प्रश्न विचारले की, पुष्कळ अफवा तेथेच संपतात. परंतु हे प्रश्न कोणास विचारावयाचे? पलीकडच्या मोहल्ल्यातील एकही माणूस नावाने ठाऊक नसेल, तर प्रश्न मनातच राहतो. पोलिसाला विचारावे, तर तो परका. मोहल्ला समितीने केले ते हे की, पलीकडे विचारता येईल अशी नावे आणि चेहरे आधीच उपलब्ध करून ठेविले. ऐन प्रसंगी शांततेचे आवाहन करणारा मोठा माणूस शोधीत बसण्यापेक्षा, रोजच्या गटारीच्या भांडणात ओळख झालेला शेजारी अफवा तपासण्यास अधिक उपयोगी पडतो. बातमी पोलिसांकडून लोकांकडे आणि लोकांकडून पोलिसांकडे अशी दोन्ही वाटांनी वाहू लागते, आणि मुख्य म्हणजे एका मोहल्ल्याकडून दुसऱ्याकडेही.

६. ‘आम्ही’ आणि ‘आपण’

दुसरी एक भाषिक बाब येथे नमूद करण्याजोगी आहे. मराठीत उत्तमपुरुषी अनेकवचन दोन प्रकारचे आहे. ‘आम्ही’ म्हणताना ऐकणारा वगळला जातो. ‘आपण’ म्हणताना तो सामावला जातो. हा भेद द्राविडी भाषांतही आहे. प्रमाण हिंदीत मात्र तो नाही. तेथे ‘हम’ हे एकच रूप दोन्ही अर्थी चालते. भिवंडीच्या बैठकांसारख्या ठिकाणी, जेथे मिश्र हिंदी हीच सर्वांना समजणारी भाषा, तेथे ‘हम’चा अर्थ व्याकरण ठरवू शकत नाही, तो समोर बसलेल्या माणसांवरून ठरतो. एकाच समाजाची माणसे जमली असतील तर ‘हम’ म्हणजे ‘आम्ही’. दोन्ही समाजांची माणसे नित्य एकत्र बसत असतील, तर हळूहळू त्याच शब्दाचा अर्थ ‘आपण’ होतो. समितीत दोन्ही समाजांचे सभासद सारख्या संख्येने असावेत, हा नियम वरवर हिशेबी वाटतो. पण त्याने सर्वनामाचा अर्थ बदलण्याची सोय केली.

७. प्रयोगाची परीक्षा व त्यावरील आक्षेप

६ डिसेंबर १९९२ रोजी बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर मुंबईत दोन टप्प्यांत दंगली झाल्या. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण आयोगाच्या १९९८ साली सादर झालेल्या अहवालानुसार त्यांत ९०० माणसे मृत्युमुखी पडली. ह्या काळात मुंबईच्या उंबरठ्यावर असलेली, पूर्वी दोन वेळा होरपळलेली भिवंडी शांत राहिली. ह्या प्रश्नावर पुढे श्री. खोपडे ह्यांनी स्वतः मराठीत पुस्तक लिहिले. राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय ह्यांनी २००२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथातही भिवंडीची दखल घेतली. दोन समाजांतील दैनंदिन नागरी संबंध जेथे दाट, तेथे दंगली विरळ, हे त्यांच्या ग्रंथाचे मुख्य प्रतिपादन. असे संबंध बहुधा इतिहासक्रमाने जुळून आलेले असतात. भिवंडीत ते पोलिसांच्या पुढाकाराने जाणीवपूर्वक घडविले गेले, म्हणून हे उदाहरण त्यांस महत्त्वाचे वाटले.

येथे आक्षेप घेण्यास जागा आहे. १९८४ च्या आठवणीने गाव थकले असेल. माग बंद पडला की दोन्ही समाजांची चूल विझते, हे व्यापाऱ्यांनी ओळखले असेल. दक्ष पोलीस व्यवस्थेचाही वाटा असेल. ही कारणे नाकारण्याचे प्रयोजन नाही. परंतु थकवा व आर्थिक परस्परावलंबन १९७० नंतरही होतेच, आणि तरी १९८४ घडले. मधल्या काळात नव्याने भर पडली ती नियमित संवादाची. म्हणून समित्या हे शांततेचे एकमेव कारण नसले, तरी निर्णायक कारणांपैकी एक होते, असे म्हणावयास हरकत नाही.

मुंबईनेही दंगलीनंतर हा धडा घेतला. पोलीस आयुक्त सतीश साहनी, माजी आयुक्त ज्युलिओ रिबेरो व समाजकार्यकर्त्या सुशोभा बर्वे ह्यांच्या पुढाकाराने तेथे मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली. पोलीस आणि वस्तीतील तरुण ह्यांचे क्रिकेटचे सामने हा तिचा एक लोकप्रिय उपक्रम होता. ओळख निर्माण करण्याचे तेच तत्त्व येथेही दिसते.

८. अधिकारी बदलला म्हणजे

ह्या प्रयोगाची दुर्बल बाजू झाकून ठेवणे अभ्यासकास शोभणार नाही. जुलै २००६ मध्ये भिवंडीत पुन्हा हिंसा झाली. वाद होता तो पोलीस ठाण्याच्या नियोजित इमारतीच्या जागेचा; ती जागा कबरस्तानची असल्याचा दावा होता. गोळीबारात दोन नागरिक दगावले व दोन पोलीस शिपाई जमावाच्या हातून मारले गेले. संघर्ष ह्या वेळी दोन समाजांमध्ये नसून नागरिक आणि पोलीस ह्यांच्यामध्येच होता, ही गोष्ट विचार करावयास लावते. ज्या दोन पक्षांमधील बोलणे मोहल्ला समितीने सुरू केले होते, त्यांचेच बोलणे तुटले होते. ठाण्याची इमारत उभी करताना ठाण्याचा संवाद मागे राहिला होता.

अमेरिकेतील बॉस्टन शहराचा अनुभव ह्याच प्रकारचा आहे. तेथे १९९६ साली पोलीस, धर्मोपदेशक व वस्त्यांत फिरणारे कार्यकर्ते ह्यांनी मिळून तरुणांच्या टोळीयुद्धाविरुद्ध मोहीम उघडली. हिंसेकडे वळलेल्या तरुणांना समोर बसवून स्पष्ट शब्दांत इशारा देणे व त्याबरोबरच मदतीचा हात पुढे करणे, ही तिची पद्धत. तिच्या मूल्यमापनात तरुणांच्या हत्यांत सुमारे ६३ टक्के घट नोंदविली गेली. २००० च्या सुमारास ती मोहीम बंद पडली आणि हत्या पुन्हा वाढल्या. कार्यकर्ते बदलले, नेमणुका फिरल्या, आणि बोलणे थांबले.

ह्यावरून नेतृत्वाविषयी एक निष्कर्ष निघतो. पोलीस दलातील नेतृत्व म्हणजे संकटसमयी धाडस दाखविणे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. श्री. खोपडे ह्यांचे नेतृत्व निराळ्या जातीचे होते. आपला अधिकार खाली उतरवून शिपायाला लोकांशी बोलावयास लावणे, आणि काहीच घडत नसताना बैठका भरविणे, हे त्यात मुख्य. अशा कामाची फळे न घडलेल्या घटनांच्या रूपात येतात. आणि न घडलेल्या घटनेस पदक मिळत नाही, तिचा पंचनामाही होत नाही. म्हणूनच ते काम पुढच्या अधिकाऱ्यास सहज वगळता येते. भाषा ही एका माणसाच्या मुखातून दुसऱ्याच्या मुखात गेली तरच जगते. संवादाच्या संस्थेचेही तसेच आहे. ती व्यक्तीच्या सद्भावावर उभी राहिली, तर बदलीच्या हुकुमाबरोबर संपते.

९. आपल्या भागातील अभ्यासाची दिशा

वार्ष्णेय ह्यांच्या गणनेप्रमाणे १९५० ते १९९५ ह्या काळात हिंदू-मुसलमान दंगलींतील मृत्यूंपैकी जेमतेम ३.६ टक्के मृत्यू ग्रामीण भागात झाले. त्यामुळे आजऱ्यासारख्या तालुक्याने शहरी पोलिसांचा विचार का करावा, असा प्रश्न कोणी विचारील. त्यास दोन उत्तरे आहेत. एक असे की, आपल्या गावांचा मुंबईशी असलेला संबंध गिरण्यांच्या काळापासूनचा आहे, व मुंबईच्या पोलीस दलात कोल्हापूर, सांगली, सातारा ह्या भागांतील तरुण पिढ्यान्‌पिढ्या भरती होत आले आहेत. शहरातील बंदोबस्तात उभा असलेला शिपाई हा पुष्कळदा आपल्याच भागातला असतो. त्याच्या कानावरची भाषा व शहराची भाषा ह्यांतील अंतर हा अभ्यासाचा विषय आहे.

दुसरे उत्तर अधिक निकडीचे आहे. २००९ च्या सप्टेंबरात मिरजेत गणेशोत्सवातील कमानीवरून उसळलेला हिंसाचार इचलकरंजीपर्यंत पोहोचला. ७ जून २०२३ रोजी कोल्हापूर शहरात, समाजमाध्यमांवर ठेवलेल्या काही मजकुरावरून पुकारलेल्या बंदला हिंसक वळण लागले व इंटरनेट सेवा थांबवावी लागली. भ्रमणध्वनीवरील मजकुरात अफवेच्या तिन्ही पायऱ्या एका क्षणात ओलांडल्या जातात. पुढे धाडलेल्या संदेशाला कर्ता नसतो, ‘म्हणे’ही नसते. सेवा बंद करून संदेश थांबविता येतो. पण ‘कोणी पाहिले?’ हे विचारण्याची वाटही त्याच वेळी बंद होते. ती वाट तारेवाचून चालणारी असावी लागते, म्हणजे माणसामाणसांतील ओळखीची.

अशा ओळखीचा वारसा आपल्याकडे आहे. महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, १९६७ ह्याखालील पोलीस पाटील हा गावातच राहणारा, गावची बोली बोलणारा माणूस असतो. १५ ऑगस्ट २००७ रोजी गृहमंत्री आर. आर. पाटील ह्यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने गावोगाव समित्या नेमून समझोत्यास उत्तेजन दिले. मोहल्ला समिती आणि तंटामुक्ती समिती ह्यांत एक महत्त्वाचा भेद मात्र आहे. तंटामुक्तीच्या मोहिमेला पुरस्काराची जोड होती. मिटविलेल्या तंट्यांची संख्या तेथे मोजली जाई. भिवंडीत मोल होते ते बैठक चुकू न देण्याला.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना येथे पुष्कळ काम करता येईल. तंटामुक्ती समित्यांच्या समझोतापत्रांची वाक्यरचना जबाबाच्या मायन्यापेक्षा वेगळी आहे काय, त्यांत उभय पक्षांचा आवाज किती उतरतो, ‘आम्ही’ कोठे संपते व ‘आपण’ कोठे सुरू होते, हे तपासता येईल. गावगप्पांतील ‘म्हणे’ नेमके केव्हा गळते, ह्याचे नमुने बोलीनिहाय जमवावेत. असा संग्रह व्याकरणास तर उपयोगी पडेलच. पण ऐकलेले वाक्य पुढे सांगण्यापूर्वी त्याचा कर्ता विचारण्याची सवय ज्या गावाने लावून घेतली असेल, त्या गावालाही तो उपयोगी पडेल.